बिनसुंतेचा वारस

मी यिस्का, हनानची मुलगी, दोसिथेय तेलवाल्याची विधवा, राहणार अंत्युखिया, नदीकडच्या वेशीजवळ, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगत आहे आणि यहोयारीब लेखनिक ते लिहून घेत आहे. पाय सुजले आहेत, जिना चढताना दम लागतो, पण बुद्धी शाबूत आहे. लिहून झाल्यावर हे मला दोनदा वाचून दाखवावे, दुसऱ्या वेळी शेवटाकडून. यहोयारीब भला माणूस आहे, पण त्याची बायको माझ्या दिराच्या घरी येते-जाते.

माझी लोकरीची शाल आणि चांदीची वाकी मुलगी तामार हिला. वाकी तिने अंगावरच ठेवावी, पेटीत ठेवू नये. पेटीला कुलूप असले तरी आमच्या गल्लीत कुलपाचा फारसा धाक नाही.

दीर यादुआ यास तेलाचे लहान माप. ते खोटे आहे, मी लोकांना कमी तेल घालते, असे तो माझ्या नवऱ्याच्या सुतकातही कुजबुजत होता. आता घरी न्यावे आणि मोजत बसावे. आमची शिडी त्याच्याकडे आहे, ती मात्र परत आणावी.

आता घर आणि दुकान.

आमचे यहुदी गिऱ्हाईक परक्याच्या, म्हणजे यहुदी नसलेल्याच्या, हातचे तेल घेत नाही, हे साऱ्या शहराला ठाऊक आहे. रांजणावर आमची मोहोर असेल तरच ते झाकण उघडू देतात. जावई निकान्दर ग्रीक आहे. तो आमच्याकडे घाटावरून बुधले वाहायला आला, मग येशूच्या मार्गात आला, मग तामारच्या मनात आला. हे तिन्ही होत असताना मी त्याच्यावर डोळा ठेवून होते. आजवर त्याने मोहोरबंद बुधलेच उचलले. उघड्या तेलाला हात लावू दिला नाही, आणि त्यानेही कधी मागितले नाही. न मागणाऱ्याचा तर मला जास्तच संशय येतो.

आठवड्याच्या पहिल्या दिवशी आम्ही येशूला मानणारे माझ्या अंगणात जेवतो, यहुदी आणि ग्रीक एकाच पंगतीला. मांस कुठल्या देवळात मूर्तीला वाहिलेले तर नाही ना, याची भानगड नको म्हणून स्वयंपाक माझ्याच चुलीवर होतो. सगळे सुरळीत चालले होते. या वसंतात यरुशलेमहून येशूला मानणारीच काही यहुदी माणसे आली. त्यांनी ग्रीकांना सांगितले की सुंता करून घ्या, मोशेचे नियमशास्त्र पाळा, नाहीतर तुमचे आमचे एका ताटात जमायचे नाही. त्याच संध्याकाळी यादुआ आपली भाकर उचलून आतल्या खोलीत गेला. त्याच्यामागे एकेक करून आमची माणसे उठली. अंगणात ग्रीक उरले, आणि निकान्दरशेजारी तामार. ती पोटुशी आहे. तिला आतून हाका मारल्या तरी ती हलली नाही. मी एकाच भांड्यातून दोन्हीकडे वाढत राहिले.

दुसऱ्या सकाळी यादुआ गोड तोंडाने आला. म्हणाला, "वहिनी, निकान्दरची सुंता होऊ द्या. मी स्वतः दुकानाच्या दारात उभा राहून सांगेन की तेल शुद्ध आहे. आणि नसेल करायची, तर दुकान आपल्या घराण्यात राहिलेलं बरं." घराणे म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. तामारच्या नावे केले तरी तिच्या बिनसुंतेच्या नवऱ्याला न मोजता हा तिचा पालक म्हणून आत शिरेल, म्हणून तिच्या नावे करत नाही.

निकान्दर कोपऱ्यात उभा होता. त्याने पुरते ऐकूनही घेतले नाही, लगेच हो म्हणाला. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. चांगला बाप्या माणूस सुरीला इतक्या चटकन हो म्हणतो तो कशासाठी? दुकानासाठी माणसे याहून जास्त कापून देतात. आणि नाही म्हणाला असता, तर हा आमच्या नियमाला तुच्छ लेखतो असे मीच म्हटले असते. मला दोन्हीकडून तो पटेना.

शेवटी तो बुधले रचत असताना मी त्याला गाठले. विचारले, "खरं सांग, हे देवासाठी की दुकानासाठी?"

तो म्हणाला, "दोन्हींसाठी नाही, आई. देवानं मला आहे तसा घेतला, हे तुम्हीच मला शिकवलंत. पण उद्या माझ्या लेकरानं यादुआकाकांच्या मागोमाग उठून आत जावं आणि बापाला अंगणात सोडावं, हे मला बघवणार नाही."

"आणि दुकान नसतं तर?"

त्याने हातातला बुधला खाली ठेवला. म्हणाला, "ते माझं मलाच कळत नाही. दुकान आहे ना समोर."

दुकान नसते तरीही सुंता केली असती असे म्हणाला असता, तर मी त्याला तिथल्या तिथे खोटा ठरवले असते.

मी मोशेचा नियम सोडलेला नाही. शब्बाथला, विसाव्याच्या दिवशी, माझी चूल पेटत नाही आणि डुकराचे मांस माझ्या उंबऱ्यात आलेले नाही. हा नियम आमचा मान आहे. पण यादुआने त्याला दुकानाची किंमत लावली, याचा मला संताप येतो.

म्हणून घर, दुकान, रांजण, बुधले, नरसाळी, सगळे जावई निकान्दर याला. मोहोर तामारकडे; ती इस्राएलाची लेक आहे, तिच्या मोहोरेला कोणी नाव ठेवू शकत नाही. लेखनिकाने विचारले, "सुंता झाल्यास" असे लिहू का? मी नाही म्हटले. मग "न झाल्यास" लिहावे असे माझ्याच मनात आले, यादुआची जिरवायला. पण तीही किंमतच झाली. अट काहीच लिहू नये. जन्मभर मी अटीवाचून कोणाला पळी उसनी दिली नाही, हे कलम माझ्याने सांगवत नव्हते.

हे माझ्या मरणानंतर नव्हे, आजपासून लागू. सुंता करणारा उद्या सकाळी यायचा आहे, त्याआधी किल्ल्या निकान्दरच्या हाती पडल्या पाहिजेत. उद्या त्याने दार उघडले, तर ते दुकानासाठी उघडले असे यादुआला म्हणता येणार नाही, आणि मलाही नाही. नाही उघडले, तरी मालक तोच.

मला माझ्या नवऱ्याशेजारी पुरावे. मागाहून जे जेवण होईल ते एका पंगतीत व्हावे. ज्याला उठायचे असेल त्याने घरून जेवून यावे.

साक्षी: हननेल विणकर. शिमई, नदीवरचा नावाडी. तिसरा पांफिल कुंभार, ग्रीक. बिनसुंतेची साक्ष चालत नाही म्हणून यादुआ ओरडेल, म्हणून आधीचे दोन घेतले. यादुआलाही बोलावले होते. तो अर्ध्यावर उठून गेला.

अंत्युखिया, क्लौद्य कैसराचे नववे वर्ष, सिवान महिना, सूर्य मावळण्यापूर्वी. यिस्काचा अंगठा आणि मोहोर.

साक्षी झाल्यावरची नोंद: किल्ल्या साक्षीदारांसमोर दिल्या. निकान्दरने त्या हातात धरून विचारले, "मग उद्या मी काय करू, आई?" मी त्याला काही सांगितले नाही. हेही लिहावे.