चार्ज

मौजे नागूरवाडी, मुरूमजवळ
ता. ५ डिसेंबर १९४८

तीर्थस्वरूप रेवणअण्णा यांसी, धाकट्या शांतलिंगाचे शरणार्थ.

इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. अव्वाचे गुडघे दुखतात. अप्पांचा उजवा हात अजून वाकत नाही. जोंधळा पोटरीला आलाय, कणसं भरली की पाखरं राखायला माणूस मिळायचा नाही. वहिनी सोलापुरात रमल्या असतील.

तुमचं पत्र मुरूमच्या बाजारात हाती पडलं. जुना पाटील पळाल्यापासून पोलीस पाटलाचा चार्ज माझ्याकडं आहे, हे तुमच्यापर्यंत पोचलं तर. गनी मास्तरांच्या मरणाच्या चौकशीला नवे तहसीलदार येणार आहेत. तेव्हा 'मास्तर रझाकारांना सामील होते आणि पलटणीच्या गोळीबारात गेले' असं लिहून दे, म्हणता. आपल्या घराच्या नावाचा प्रश्न आहे, म्हणता. उत्तर देतो, पण जरा दमानं. पत्र माझं आहे, त्यामुळं तुम्हाला मधेच दरडावता येणार नाही.

चार्ज हा शब्द तुम्हाला आठवतो का? माझ्याआधी तुम्हीच शिकलात. मला पाठुंगळी घेऊन तुम्ही ओढा ओलांडायचा, भिंतीशी बसवायचा आणि मग पहिल्या रांगेत जाऊन मास्तरांशी हुज्जत घालायचा. एकदा म्हणालात, "मास्तर, कारभार सोपवला तर चार्ज, आरोप ठेवला तर चार्ज, बंदुकीत दारू भरली तरी चार्ज आन् पोलिसांनी लाठ्या घातल्या तरी चार्जच. इंग्रजाकडं शब्द कमी हायत का?"

सगळा वर्ग हसला. मास्तर तर डोळे पुसेपर्यंत हसले. मग आपल्याला बाहेर घेऊन गेले. चिंचेखाली अप्पांची गाडी सुटली होती. तिच्या साटीवर हात ठेवून म्हणाले, "ही बघा त्या शब्दाची माय. लई जुन्या काळी रोमन लोकांच्या गाडीला कारस म्हनायचे. त्या गाडीवर माल लादायचा, त्यातनं चार्ज निघाला. आधी गाडीवर लादला, मंग बंदुकीत लादला. मान्सावर काम लादलं, कुनाचं पोर सांभाळाया दिलं, त्यो बी चार्ज. गुन्हा लादला, त्यो बी."

"आन् अंगावर धावून जायाचं?" तुम्ही सोडणार थोडेच.

"त्ये मागनं आलं, रेवण. घोडेस्वार सगळा भार घेऊन दुसऱ्यावर जाऊन पडतो. समद्यात वाईट अर्थ त्यो. त्यात आपलं वझं दुसऱ्याच्या अंगावर जातं."

मग त्यांनी अप्पांना विचारलं, माल कसा लादायचा? अप्पा म्हणाले, "वजन पुढं घ्यायचं. मागं टाकलं तर गाडी उलाळती, जू वर जातं." शहाण्यासुरत्या मास्तरांनी ते ऐकून मान डोलावली, हे मला नेहमी आठवतं.

आता ज्येष्ठातलं सांगतो. तुम्ही रझाकारांशी लढायला सरहद्दीवरच्या कॅम्पात गेला होता, तुम्ही ते पाहिलेलं नाही. रझाकार आले आणि त्यांनी कडब्याची गंजी पेटवली. आपला सालगडी बलभीम बैलांची दावी सोडायला धावला, तर त्याला गोठ्याच्या दारात गोळी घातली. पोटात लागली होती. आगीच्या धगीनं जवळ जाता येईना आणि तो आत ओरडत राहिला. तुम्ही आणि बलभीम एका ताटात जेवलेले, तुमचं काय झालं असेल ते मी जाणतो. अप्पांना अंगणात पाडून हात मोडला, गळ्यातलं लिंग तोडून राखेत फेकलं. अप्पांच्या डोक्यावर बंदूक धरली तेव्हा मधे कोण आलं? गनी मास्तर आले, अनवाणी. "मेरे शागिर्दां का घर है ये," म्हणून अप्पांवर आडवे पडले. बंदुकीचा दस्ता त्यांच्या तोंडावर बसला. पुढचे सगळे दात गेले. हे मी तुम्हाला कॅम्पात कळवलं होतं. तुम्ही उलट निरोप धाडलात, 'ती त्यांची आपसातली नाटकं.'

तेव्हापासून अव्वा रोज दूध द्यायची. मास्तर भाकरी त्यात कुस्करून खायचे. दूध न्यायला मास्तरांची बायको, आपली खाला, यायची, म्हणून ती त्या सकाळी आपल्या चुलीपाशी होती. म्हणून ती जिवंत आहे.

ती सकाळ भाद्रपदातली. पलटणीचे रणगाडे नळदुर्गच्या सडकेनं पुढं गेले होते. रझाकार पळाले होते. तुम्ही माणसं घेऊन वेशीत शिरलात. अव्वा ताट घेऊन ओवाळायला उभी होती, तुम्ही तिच्याकडं पाहिलंही नाहीत. सरळ शाळेच्या गल्लीत वळलात आणि कॅम्पात शिकवलेलं ओरडलात, 'चार्ज!' ज्यांनी तो शब्द तुम्हाला शिकवला, त्यांच्याच गल्लीत.

पुढचं तुम्हीही जाणता. पण तुमच्या पत्रात ते कुठंच नाही, म्हणून मी लिहितो. मास्तर तुमचा आवाज ओळखून, दुधासाठी काढलेली वाटी हातात घेऊनच बाहेर आले. "रेवण आला व्हय? ये, ये." तुमची कुऱ्हाड खांद्यात बसली. वाटी पडली. त्यांनी दुसरा हात वर केला तो मारायला नव्हे, तुम्हाला धरायला. दुसरा घाव मानेवर. त्यानंतरचे घाव कुणाला मारत होतात अण्णा, माणूस तर गेला होता. तुमच्याबरोबरच्यांनी बाकीची दारं फोडली. त्या गल्लीतल्या दोन बायकांनी विहीर जवळ केली. तिचं पाणी अजून कुणी पीत नाही.

गल्लीतले वाचलेले पुरुष रानात पळाले होते. मास्तरांना माती द्यायला त्यांचं कुणी नव्हतं. लोक म्हणाले, जाळून टाका. अप्पा म्हणाले, "न्हाय. गावात पुरनारी मानसं आता आपुनच हाव. आपुन नेऊ." मी त्यांना एकट्यानं उचलून गाडीत ठेवलं, घाईत मागच्या बाजूला ठेवलं, तर गाडी उलाळली. त्यांना पुढं ओढून घ्यावं लागलं.

आम्ही खड्डा खणला तो आपल्या लिंगायत रीतीनं. चौकोनी, खोल, मयताला मांडी घालून बसवायचा. दुसरी रीत आम्हाला ठाऊकच कुठं होती? खाला काठावर येऊन उभी राहिली. तिनं खाली डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "बिठाव नक्को उन्को. सुलाव. थक गए."

आम्ही तो खड्डा पुन्हा लांब खणला. अप्पा डाव्या हातानं माती ओढत होते. सवयीनं त्यांनी विभूतीची चिमूट काढली, खालाकडं पाहिलं आणि मूठ मिटून घेतली.

खाला आता आपल्याकडंच असते. मला तुमचा भयंकर राग येतो, अण्णा. आणि ओढा ओलांडताना तुमची पाठ आठवते, ते काही थांबत नाही.

तर उत्तर. मी सोमवारीच लिहून ठेवलं आहे. 'गनी मास्तर यांस माझे थोरले बंधू रेवणप्पा महांतप्पा यांनी कुऱ्हाडीने मारले. मी पाहिले.' अप्पांनी डाव्या हातानं सही केली. अव्वा दिवसभर जेवली नाही. मी म्हणालो, तू सांगशील तर फाडतो. ती म्हणाली, "त्याला बी म्याच जल्म दिलाय. पर तिच्या म्होरं कोन्त्या तोंडानं दूध ठिऊ? ऱ्हाऊ दे. आन् ये म्हनून लिही त्याला."

तहसीलदार पौर्णिमेनंतर येतील. तोवर पळायचं तर तुम्ही मोकळे आहात, मुंबई मोठी आहे. यायचं तर नळदुर्गला उतरा. मी गाडी घेऊन येईन. तीच गाडी, फळ्या घासून घासून धुतल्या, डाग गेला नाही. मागं बसू नका. पुढं, माझ्याजवळ बसा.

तुमची वाट पाहणारा, तुमच्या पाठचा
शांतलिंग