झाकणावरचं खेचर

सांगली, ४ सप्टेंबर १९७६

तीर्थरूप तात्यांच्या चरणी पुतण्या कृष्णातचा सा. न. वि. वि.

तुम्ही रचलेला ‘चौकीची चढाई’ हा खेळ आमच्या छापखान्याचे मालक धन्यकुमारशेठ यांनी छापायला घेतला. दिवाळीच्या सुट्टीआधी दुकानात जायला हवा. पट छापून झाला, सोंगट्या कापून झाल्या. अडलंय ते खोक्याच्या झाकणावरच्या चित्रापाशी. शेठ म्हणतात, वाघ टाकू. काडेपेटीच्या जुन्या कामातला वाघाचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, पडून आहे, आणि वाघ दिसला की पोरं हात घालतात. खेळात वाघच नाही, असं मी म्हटलं, तर म्हणाले, काडेपेटीत तरी कुठं होता?

तुमची संमती कळवा. काकींचा गुडघा कसा आहे? माया आहेच, ती तशीच राहू द्यावी.

आपला, कृष्णात

कडेगाव, ११ सप्टेंबर

चि. कृष्णातास नाथाजीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. शेठला सांग, वाघ डोंगरावर ओझं न्हेत न्हाई. माझ्या खेळात शिपाई दमतो, कुत्रं वाट चुकतं, अस्वल आडवं येतं. पण खेचरानं दाणागोटा वर पोचवल्याबिगर कुणाचाच डाव सुटत न्हाई. ज्याच्याबिगर खेळ पुरा होत न्हाई, झाकणावर त्याचाच मान. बेंदराला आपण राबणाऱ्या बैलाची मिरवणूक काढतो का वाघाची?

आता खरं सांगतो. पासष्टच्या लढाईत पायात गोळी लागली, तवा शेवंती नावाच्या खेचरानं मला बर्फातनं खाली आणलं. मी तिच्या मानेवर पडून होतो, वाट तिची तिनं काढली. चौथ्या दिवशी ती गेली. पदक मला मिळालं, तिचा साधा फोटूपण न्हाई. हा खेळ मी तिच्यापायी केलाय, बाळा. झाकणावर ती नसंल तर छापू नगं, कागद परत धाड.

काकीजवळ बोलू नगंस. जीपमधनं पडलो म्हणून अकरा वरसं सांगत आलोय. तिचा गुडघा बरा हाय, तोंड त्याहून बरं हाय.

तुझं बरं चिंतणारा, नाथाजी

सांगली, २९ सप्टेंबर

तीर्थरूप तात्यांना दंडवत.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस कामात लक्ष लागलं नाही. शेठना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण ब्लॉकवरचा हात काही काढेनात. शेवटी त्यांच्या धाकट्या मुलीनं, चंदनबालानं सोडवलं. नमुन्याचा पट घेऊन पोरं खेळत होती, त्यात खेचराची सोंगटी हरवली. शेठ म्हणाले, त्या जागी वाघ ठेवा. ती म्हणाली, “वाघ वर गेला तर शिपायांनाच खाईल की!” आणि चिंचोका ठेवून डाव पुरा केला. शेठनी वाघ कपाटात टाकला.

पण तात्या, एक घोळ झालाय. आमच्या आकाराम पेंटरनं जन्मात खेचर बघितलेलं नाही. कान, शेपूट मी सांगितलं तसं काढलं. पण मी सुट्टीवर असताना त्यानं तिच्या पाठीवर बेंदराची झूल घातली, गळ्यात घुंगुरमाळ बांधली. विचारलं तर म्हणतो, मानाचं जनावर म्हणालास, मग झुलीबिगर कसं? ब्लॉक तयार झालाय. पहिलं खोकं पाठवतोय. चूक माझी आहे, रागवा, पण बोलणं टाकू नका.

आपला, कृष्णात

कडेगाव, ८ ऑक्टोबर

चि. कृष्णातास आशीर्वाद.

खोकं पोचलं. झूल बघून माझं डोस्कं फिरलं. पलटणीच्या खेचराला घुंगुरमाळ! आवाजानं दुश्मन जागा व्हायचा. तुला खरमरीत लिहायला बसलो, तर तुझी काकी आली. झाकण हातात घेऊन लय वेळ बघत ऱ्हायली. मग विचारलं, “आवं, एवढा मान कुणाचा?”

मला जीप आठवंना. म्हटलं, “हिनंच मला तुझ्यापतूर आणून पोचवलं.” मग सगळंच सांगून टाकलं. अकरा वरसं फसवल्याबद्दल भांडंल असं वाटलं हुतं. पण ती उठून आत गेली.

आकारामला सांग, झूल ऱ्हाऊ दे. सरकारनं दिली न्हाई, त्यानं दिली.

आणि खोकं दुसरं धाड. ह्या झाकणाला तुझ्या काकीनं हळदीकुंकू लावलंय, वर पुरणाचा निवद ठेवलाय. समदा रंग उतरलाय.

तुझा, नाथाजीतात्या