फ्लोरिडाची सात मतं

शनिवार, ७ ऑक्टोबर २०००, अबुधाबी. दुपारी ४.४०

आजचा दिवस ऐतिहासिक. म्हणून डायरी सुरू. (कंपनीची, गेल्या वर्षीची. वार खोडून लिहितोय. चालतं.)

झालं असं. चहाच्या वेळी अबू नाएल साहेबांनी सहज विषय काढला. साहेब म्हणजे आमचे परचेस मॅनेजर, पॅलेस्टिनी, मूळ नाब्लुसचे. म्हणाले, अमेरिकेत पुढच्या महिन्यात प्रेसिडेंट निवडणार, फ्लोरिडात अटीतटीची आहे, तिथे ज्यू मतदार भरपूर. ते मत देताना इस्रायलचं पारडं नक्की किती जड धरतात, कुणाला काही कल्पना आहे का? आमच्यातला दुसरा बायर परेश चहात बिस्किट बुडवत होता, ते तुटून आत पडलं. मी म्हणालो, सर, मला विचारा. मी ज्यूंच्यात वाढलोय.

साहेबांनी चष्मा काढला. सहा वर्षांत प्रथमच माझ्याकडे नीट बघितलं.

मग सांगितलं सगळं. अलिबाग, इस्राएल आळी, भिंतीला भिंत लावून झिराडकरांचं घर. मराठी बोलणारे, कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले ज्यू. पूर्वी तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी कामाला हात लावत नसत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. एझ्रा माझ्या बाकावरचा. माझी आई आजारी होती ती दोन वर्षं मी त्याच्या आईकडे, मिल्कामावशीकडेच जेवलो. नवस फिटला की ती मलिदा करायची, गोड पोहे, त्यातली पहिली वाटी मला. आता सगळे फ्लोरिडात. घरात सात मतं. माझ्या शब्दाबाहेर नाहीत.

(सातचा पुरावा: एझ्राने दोन वर्षांपूर्वी पाठवलेला फोटो. मोजले. सात.)

साहेब हसले. म्हणाले, यल्ला हबीबी, विचारून सांग मला. केबिनमधला डायरेक्ट फोन वापरायलाही परवानगी, दर शनिवारी चार वाजता, ते साइटवर जातात तेव्हा. सीनियर बायरची जागा मुरलीधर कॅनडाला गेल्यापासून रिकामी आहे. दोन अधिक दोन मला करता येतात.

लगेच लावला. तिथे शनिवारची सकाळ, सुट्टी, सगळे घरीच असणार. मशीन लागलं. तीन मिनिटं मेसेज ठेवला. मुद्देसूद.

मावशीची तब्येत विचारायची राहिली. पुढच्या शनिवारी नक्की.

रविवार, ८ ऑक्टोबर

मेसेजची कॉपी इथे ठेवतो, पुढे कुणी विचारलं तर असावी.

सल्ला: उपाध्यक्ष साहेबांना मत द्या. त्यांच्याबरोबर उपाध्यक्षपदाला उभा असलेला जोडीदार स्वतः ज्यू, शनिवार पाळणारा. आपला माणूस.

सावधगिरी: इथल्या फोनवर 'इस्रायल' शब्द उच्चारणं बरं नव्हे. कोड वापरला: 'मामाचं गाव'. कोणत्या उमेदवाराला मामाच्या गावाची माया जास्त, ते तोला, असं म्हणालो. एझ्रा हुशार आहे.

घरी बायकोने, दर्शनाने विचारलं, मावशी कशा आहेत? बायकांचं लक्ष नेमकं मुद्द्यावर नसतं.

बुधवार, ११ ऑक्टोबर

मोठी चूक होता होता वाचली. साहेबांना सांगितलं की सात मतं उपाध्यक्षांकडे वळवली. ते म्हणाले की त्यांच्यासाठी दोघं सारखेच, पण समोरचा उमेदवार, तो टेक्सासचा गव्हर्नर, त्याच्या वडिलांनी प्रेसिडेंट असताना निदान एकदा इस्रायलला दटावलं होतं म्हणे. एवढंच बोलले आणि पुन्हा फाइलीत शिरले.

समझनेवाले को इशारा काफी. शनिवारी मतं फिरवायची.

शनिवार, १४ ऑक्टोबर. ४.१०

मशीन. फिरवली. टेक्सास. कारणं तीन दिली, तिसरं बोलता बोलता सुचलं.

मावशीचं विचारणार होतो तेवढ्यात बीप.

मैथिली घरी इंग्रजीत म्हणाली की डॅड, मे बी दे आर बिझी ऑन सॅटरडेज. सांगितलं, बिझी कसले, सुट्टी असते. नववीतल्या मुलीला जगाचा अनुभव नसतो.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

एक्सेल शीट केलं. दोन कॉलम, दोन उमेदवार. भाषणात मामाच्या गावाचा उल्लेख किती वेळा, मदत किती देणार, राजधानी कुठली मानतात, ज्यूंची टोपी घालून फोटो काढला का. प्रत्येकी दहापैकी मार्क. दिवसभर लागला. (सिमेंटचं कोटेशन उद्या.)

निकाल: दोघांनाही साडेनऊ.

फॉर्म्युला चुकला असणार. पुन्हा केलं. साडेनऊ.

प्रिंट काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली. रंगीत.

गुरुवार, १९ ऑक्टोबर. दुपारी १२.३०

साहेब आज दार लावून बसलेत. रेडिओ चालू, अरबी बातम्या. तिकडे पॅलेस्टाईनमध्ये गेले तीन आठवडे धुमश्चक्री चालली आहे हे मी पेपरात वाचतो, पण साहेबांसारखा माणूस भावनेच्या आहारी जाणारा नव्हे. हे फ्लोरिडाचं टेन्शन. माझ्या शीटचा परिणाम.

परेश सकाळी आठला आत जातो, काहीतरी विचारतो, दोन मिनिटांत बाहेर येतो. रोज. आज चहा घेऊन गेला तो दहा मिनिटं. लोणी! याला फ्लोरिडा कुठे आहे ते ठाऊक नाही. मी विचारलं तर म्हणाला, लंडनच्या बाजूला का?

शनिवार, २१ ऑक्टोबर. ४.२०

मशीन. आता माझी खात्री झाली आहे की एझ्रा मुद्दाम उचलत नाही. मशीनशेजारी बसून ऐकत असणार, मान डोलावत असणार. जबाबदार मतदार असाच वागतो, आधी सगळं ऐकून घेतो.

आज उंची गाठली. म्हणालो, एझ्रा, मामाच्या गावी फक्त मामा राहत नाही. माझ्या साहेबांची म्हातारी आई नाब्लुसला एकटी आहे, तिचाही विचार कर. बोलताना मला स्वतःलाच भरून आलं. असं बोलणारा माणूस बायर ग्रेडवर राहावा, हे कंपनीचं दुर्दैव.

मावशी राहिली. भरून आल्यामुळे.

गुरुवार, २६ ऑक्टोबर. दिवाळी

दर्शनाने साहेबांसाठी चकल्यांचा डबा दिला. आत जाऊन शुभेच्छा दिल्या आणि सर्व्हेची प्रगती सांगितली. साहेब म्हणाले, तीन दिवस फोन लागत नाहीये. मी म्हणालो, सर, माझाही लागत नाही, मशीनच येतं, पण काळजी नको, मतं आपलीच. त्यांनी डबा हातात घेतला. मग म्हणाले, शुक्रन, चकली छान आहे.

अजून खाल्ली नव्हती. कौतुक माझ्या कामाचं होतं, चकली निमित्त.

शनिवार, २८ ऑक्टोबर

मशीन. एक अडचण. फ्लोरिडात टेक्सास पुढे की उपाध्यक्ष पुढे, पेपर रोज वेगळं छापतो. हरणाऱ्यावर सात मतं लावली असं व्हायला नको. म्हणून आज पुन्हा उपाध्यक्ष. धोरणात लवचिकता हवी.

निश्चय: ४ तारखेला पहिलं वाक्य मावशीच्या तब्येतीचं. मेसेज कागदावर लिहून ठेवला. पहिली ओळ: मावशी कशी आहे. लाल पेनाने.

शनिवार, ४ नोव्हेंबर. ४.०५

कागद घरी राहिला.

शेवटचा मेसेज होता, त्यामुळे दोन्ही बाजू संतुलितपणे मांडल्या. शेवटी म्हणालो, जे योग्य वाटेल ते करा, पण मी सांगितलंय ते लक्षात ठेवून. बीप अगदी वेळेवर.

मावशीचं निवडणूक झाल्यावर सावकाश. म्हातारी माणसं कुठे पळून जात नाहीत.

बुधवार, ८ नोव्हेंबर

सकाळी ७.३०. टीव्ही म्हणतो, फ्लोरिडा उपाध्यक्षांचा म्हणाले होते ते मागे घेतलं. म्हणजे काही खरं नाही. अंघोळ न करता ऑफिस.

११.२०. टेक्सास! फ्लोरिडा टेक्सासचा! १४ आणि २१ तारखेचे मेसेज कामी आले. साहेबांना सांगायला धावलो. केबिन रिकामं. परेश म्हणाला, साहेब एअरपोर्टवर कुणालातरी औषधं पोचवायला गेलेत. निकालाच्या दिवशी!

१.१५. तेही मागे घेतलं!! फरक अठराशेच्या आसपास. पुन्हा मोजणार. दोन्हीकडून माझंच चाललंय हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

३.००. जेवलो नाही. उभाच आहे. सीनियर बायर व्हिजिटिंग कार्ड इंग्रजी आणि अरबी दोन्हीत असतं.

शनिवार, ११ नोव्हेंबर

फरक तीनशेवर आला म्हणतात. तीनशे! त्यात माझे सात! उपाहारगृहात लोक मला बघून कुजबुजतात. स्टोअरचा पठाण म्हणाला, भाईसाब, सुना है अमेरिका आपके हाथ में है. मी नाही म्हणालो नाही.

आज मशीन नाही, नुसती रिंग. चांगलं लक्षण. मोजणी चालू असताना मतदार बोलत नाहीत.

सोमवार, २७ नोव्हेंबर. पहिला रोजा

ऑफिस दोनला सुटलं. चहा बंद. अधिकृत फरक पाचशे सदतीस. साहेबांना म्हणालो, सर, इतिहासात सात मतांना एवढी किंमत कधी आली नव्हती. त्यांनी विचारलं, कसली सात मतं?

उपवासाने माणसाचं लक्ष लागत नाही.

गुरुवार, १४ डिसेंबर

अमेरिकेत खलास. कोर्टाने मोजणी थांबवली, टेक्सासवाले प्रेसिडेंट.

इथेही खलास. नोटीस बोर्डवर दोन ओळी. सीनियर बायर: परेश.

परेश! ज्याचा फ्लोरिडा लंडनच्या बाजूला आहे! पेढे वाटत आला तर मी मधुमेह सांगितला. पॉलिटिक्स, दुसरं काय. रोज सकाळी आठला आत जाऊन दोन मिनिटं काय बोलायचास, असं विचारलंच शेवटी. तो म्हणाला की काही नाही यार, तेच, रोजचंच, घरची खबर. सांगतोय कशाला! ट्रेड सीक्रेट.

रविवार, १७ डिसेंबर. संध्याकाळी ७.००

एझ्राचा फोन आला. घरी. स्वतःहून. चौदा वर्षांनी आवाज ऐकला, तसाच आहे, नाकातला.

पहिलं वाक्य: धन्या, शनिवारी कोण फोन करतं रे आमच्याकडे?

मी मतांचं विचारलं.

मतांचा हिशेब त्यानेच दिला. फोटोतली तीन मुलं शाळेत जातात. बायकोचे सिटिझनशिपचे कागद अडकलेत. निळ्या शर्टातला मनुष्य शेजारचा, डबा परत द्यायला आला होता. उरले तो आणि आई. त्याने मत दिलं ते आईच्या औषधांचा खर्च कोण उचलणार ते बघून. इस्रायलचं काय, असं मी विचारलं (कोड विसरलो). तो म्हणाला, दोघंही छातीवर हात ठेवून तेच बोलत होते, मग मी औषधं बघितली.

आणि मावशी? मावशी बूथमध्ये वीस मिनिटं होती. बाहेरच्यांना वाटलं चक्कर आली. प्रेसिडेंटच्या जागी तिने काहीच टोचलं नाही (तिथे मतपत्रिकेला भोक पाडून मत देतात), कोरं ठेवून बाकी सगळी मतं देऊन आली. एझ्राची बहीण इस्रायलमध्ये अश्दोदला असते, तिचा मुलगा योनी लष्करात आहे. मावशीचं म्हणणं, दोघांना इस्रायलची एवढी माया, मग योनी घरी कधी येणार ते एकानेही का सांगितलं नाही.

मी म्हणालो, अरे पण पाचशे सदतीसचा फरक! तो हसत सुटला.

मग सांगितलं त्याने. शनिवारी तारे दिसून शब्बाथ सुटला की मावशी त्याला मशीनचं बटण दाबायला लावायची. सगळे गोळा व्हायचे. मामाच्या गावाला मुलं हसून हसून लोळायची, मराठी कळत नसूनही, आजी हसते म्हणून. पाचही मेसेज मावशी बीपपर्यंत ऐकायची, बीप झाल्यावरही थोडा वेळ बसायची. एझ्राने कशाला बसतेस विचारलं तर म्हणायची, धन्या कामात असतो, शेवटी विचारील. नोव्हेंबरात तिला हॉस्पिटलात न्यावं लागलं, मशीनही तेव्हाच बिघडलं. आता घरी आहे.

मला लाज वाटली. इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहितो: फार लाज वाटली.

फोनवर मावशी आली. मी पहिलंच वाक्य विचारायचं ठरवलं होतं, पण तिनेच आधी विचारलं. जेवलास का, दर्शना बरी आहे ना, मुलीची कितवी. मी होय होय करत राहिलो. मग विचारलं, मावशी, तू कशी आहेस? ती म्हणाली, माझं काय रे, आज आहे, उद्या नाही. आणि तुझ्या त्या साहेबांची आई कशी आहे? नाब्लुसला एकटी आहे म्हणालास ना. मी रोज तिचंही नाव घेते प्रार्थनेत, नाव माहीत नाही म्हणून 'धन्याच्या साहेबांची आई' असंच म्हणते. मिळतात का तिला औषधं वेळेवर?

मी म्हणालो, मिळतात, बरी आहे.

रात्री ८.००

दर्शनाने विचारलं, खरंच बऱ्या आहेत का साहेबांच्या आई? म्हणालो, उद्या परेशला विचारतो.