जोथमच्या नावाचा फर्मा

इंडिपेंडन्स, मिझुरी. २ जुलै १८३३

आजही माझ्या नवऱ्याचा, जोथमचा फर्मा आला नाही — त्याचं नाव असलेला छापील ताव! दिवसभर छापलेले ताव दुमडले, बोटं काळी झाली. या आज्ञांच्या पुस्तकात देव आमच्या संदेष्ट्याच्या तोंडून एकेकाला नाव घेऊन बोलतो, त्यामुळे आम्हा दुमडणाऱ्या बायकांना सगळ्यांच्या घरचं कळतं. आज केझायाच्या नवऱ्याची पाळी. देवाने त्याला भर पुस्तकात हेकट म्हटलंय! ती म्हणते, "बाई गं, लग्न झाल्यापासून मी हेच सांगतेय, तेव्हा कुणी छापलं नाही!" हसून हसून पुरेवाट.

मी हसले, पण नजर वाळत घातलेल्या तावांवर.

५ जुलै

दोन वर्षांपूर्वी त्याची आज्ञा सभेत वाचली, तेव्हाच पाठ झाली. जोथम, पूर्वेकडे जा, उपदेश कर, मग परत ये आणि आपल्या माणसांत राहा. जाणं तर दुसऱ्याच दिवशी झालं. परत येणं कधी? वडीलमंडळींना विचारावं तर "तिकडे काम फार आहे, बहिणी." हिवाळ्यापासून त्याचं पत्रही नाही. नुसतं राबवून घेताहेत त्याला.

पण एकदा छापलं गेलं की त्याचं येणं कोण लांबवेल? पुस्तक नेऊन नाकासमोर धरीन! मला तो हवाय. त्याचं घोरणंसुद्धा हवंय.

९ जुलै

नाही आला.

१७ जुलै

आला — आणि त्यात जोथम नाही! तीच आज्ञा, परत येणंही तेच, नाव मात्र रूफसचं. रूफसला घरी कोण आहे? एक खेचर!

तरातरा एल्नाथनभाऊंकडे गेले. छपाईच्या अक्षरांचे खिळे तेच जुळवतात. म्हटलं, "चुकलंय तुमचं." हात न थांबवता म्हणाले, "चुकलेलं नाही, थर्झाबहिणी. हस्तलिखितातच वरून दुरुस्ती झाली. एकाच्या जागी दुसरा नेमतात, नवीन आहे का हे?"

"मग जोथमने परत यायचं की नाही?"

त्यांनी पुढची ओळ जुळवायला घेतली. घरी येऊन भांडी आपटली.

२० जुलै

गावातले लोक छापखान्यावर चालून आले. आम्ही या नव्या पंथाचे लोक, स्वतःला 'संत' म्हणवणारे, इथे त्यांना नकोच आहोत. यंत्र वरच्या खिडकीतून खाली फेकलं, खिळे धुळीत, ताव रस्ताभर. केझाया आणि मी एप्रनमध्ये मावतील तेवढे घेऊन मक्यात पळालो, तावांवर पालथ्या पडून राहिलो. माणसं मक्याची ताटं बाजूला सारत शोधत होती. तरी एकीकडे वाटत होतं — बरं झालं मोडलं. आता पुन्हा जुळवतील तेव्हा त्याचं नाव घालायला लावीन.

देवा, क्षमा कर.

२३ जुलै

एल्नाथनभाऊ आले. दारातच उभे राहिले, टोपी हातात. "पुन्हा छापलं तरी त्याचं नाव येणार नाही. गेल्या कापणीनंतरच जोथमने उपदेश सोडला. विश्वास उरला नाही म्हणाला. तेव्हाच त्याला मोकळं केलं. आम्हाला वाटलं, घरी येऊन तो स्वतःच तुला सांगेल."

म्हणजे त्याला कुणीच अडवलेलं नव्हतं.