८१२ क्रमांकाची दुसरी बासरी

वॉटरटाउन, १४ मार्च २०१९

प्रिय गारो,

त्रेचाळीस वर्षांत तुला दोन ओळी लिहिल्या नाहीत, आणि आज लिहायला बसले तर तीन कागद फाडून झाले. बासऱ्यांवर क्रमांक ठोकणारीला अक्षरं जड जाणारच, असं तू चिडवलं असतंस.

मागच्या आठवड्यात आपल्या जुन्या बासरीच्या कारखान्यातून बोलावणं आलं. ओहायोच्या एका बाईंनी त्यांच्या आईची चांदीची बासरी पाठवली होती. साल कोणतं, मॉडेल कोणतं, एवढंच विचारलं होतं. अंगावर क्रमांक ८१२. कारखान्याच्या नोंदवहीत ८१२ म्हणजे बंद कळांची, आखूड बासरी. ही उघड्या छिद्रांची, लांब. कारागीर पोरं म्हणाली, "आजी, नकली आहे, दुसरं काय!" पण त्यातला दोनचा आकडा डावीकडे कललेला होता. तसा फक्त मीच ठोकायचे. वहीत त्या घडणीची, मी क्रमांक ठोकलेली बासरी एकच. ८१३, साल शहात्तर.

८१३ तिजोरीत सापडली नाही आणि जुळणीसाठी ती शेवटची तुझ्या हातात होती, म्हणून मालक लॉथ्रप साहेबांनी तुला सगळ्यांदेखत काढून टाकलं. त्याच आठवड्यात शिकागोच्या दुकानाला पेटी गेली होती. सहा बासऱ्या गेल्या की सात, कुणी मोजलं नाही; ८१२ समजून ८१३ त्यातच गेली असणार. तू एवढंच म्हणालास, "मी नाही घेतली." मी तुला बेकरीच्या दारात गाठलं. "चोराच्या घरात नांदायला आईनं मला वाढवलं नाही," असं, गरम लहमजून-रोट्या घ्यायला उभ्या असलेल्या बायकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले आणि अंगठी परत केली. तू ती खिशात टाकलीस. म्हणालास, "आईला सांभाळ, सिरवार्त." मला तो निर्लज्जपणा वाटला.

खात्रीसाठी परवा एका कळेखालची, छिद्र झाकणारी छोटी गादी काढली. गादीच्या पाठीवर तारीख आणि नाव लिहायची तुम्हा जुळणीवाल्यांची रीतच. तुझं अक्षर होतं: "९ जून, गारो. ८१२ नव्हे, ८१३."

म्हणजे ८१३ वर मी चुकून ८१२ ठोकला, हे तुला माहीत होतं. त्या वर्षी माझ्या दोन चुका झाल्या होत्या, तिसरीला साहेब मला घरी बसवणार होते, आणि आईचं औषधपाणी माझ्या पगारावर चाललं होतं. तू गप्प राहिलास. मला लाज वाटते गारो, फार वाटते.

बाईंना लेखी कळवलं: शहात्तर सालची, उघड्या छिद्रांची, जुळणी गारोची, क्रमांकाची चूक माझी. लॉथ्रपांच्या नातवालाही, आता तोच मालक आहे, तेच लिहून दिलं. मग तुझ्या घरी फोन केला. तुझी लेक तालीन म्हणाली, "बाबांना आता कुणी ओळखू येत नाही, मीसुद्धा नाही." मग तिनं विचारलं, "मावशी, बाबांनी ती बासरी खरंच घेतली होती का?" इतक्या वर्षांत तुला हे विचारायची त्या लेकराची छाती झाली नव्हती. हे पत्र तुला वाचून दाखवायचं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय. तुला त्यातलं काही उमजणार नाही, ठाऊक आहे. तालीन, बाळ, हे मोठ्यानं वाच: तुझ्या बाबांनी काहीही चोरलं नव्हतं.

तुझीच व्हायला हवी होती ती,
सिरवार्त