उसनं दार

३ फेब्रुवारी
आले बाई एकदाची दिल्लीत! साताऱ्याहून निघताना आईनं शंभरदा बजावलं, राधाकडे लक्ष दे म्हणून. राधा माझी धाकटी बहीण. इथं एमए करते, मुनिरकात खोली घेऊन राहते. आता त्या काडेपेटीत आम्ही दोघी. बाईसाहेबांनी माझ्या स्वागताला मॅगी केली, तीही करपवली! नोएडातलं ऑफिस मात्र झकास आहे. पाडून टाकलेल्या जुन्या इमारती आम्ही कॉम्प्युटरवर परत उभ्या करतो. डोळ्यांवर हेडसेट चढवला की माणूस थेट आत हिंडायला लागतो. मला सीताराम बाजारातली एक हवेली मिळालीय. ती पाडून तिथं कधीच दुकानं झाली, उरलेत फक्त फोटो.

११ फेब्रुवारी
अंगण, सज्जा, जाळ्या, सगळं फोटोबरहुकूम झालं. घोडं अडलं ते मागच्या खोलीपाशी. खोली आहे, पण आत जायला दार कुठल्याच फोटोत नाही. राघव, म्हणजे आमचा बॉस, म्हणाला की यार, फोटोत आलं नसेल, काहीतरी बसवून टाक, डेमो जवळ आलाय. मग काय, मुनिरकातल्या आमच्या खोलीचंच दार फोननं स्कॅन केलं आणि तिथं बसवलं. जुनं लाकूड, बाहेरून कडी, अगदी शोभून दिसलं. राधाला दाखवलं तर म्हणे, आजपासून मला बेगम म्हणायचं!

१४ फेब्रुवारी
मी ते दार बंद करून ठेवलं होतं. आज हेडसेट लावून गेले तर बोटभर उघडं. राघव म्हणतो, बग असेल. असेल बुवा.

घरी आले तर राधा वैतागलेली. मी म्हणे दुपारी येऊन दार वाजवलं, हाका मारल्या आणि तिनं उघडेपर्यंत पसार झाले. परत असली थट्टा केलीस तर आईला सांगेन म्हणाली. मी तर दिवसभर नोएडात होते. तिला तसं सांगितलं नाही, उगाच घाबरायची.

१७ फेब्रुवारी
आज हरिदासजींना बोलावलं होतं. ऐंशीच्या पुढचे आहेत, त्यांचं बालपण त्याच हवेलीत गेलं. आमचं कुठं काही चुकलंय का ते बघायला आले. आधी खूश होते, अंगणात वाकून जमिनीला हात लावला. मागच्या खोलीपाशी पोचले आणि हेडसेट ओरबाडूनच काढला. इथं दार कुणी लावलं म्हणून माझ्यावर ओरडले. दार होतं, पण ते त्यांच्या आजोबांनी विटांनी चिणून टाकलं होतं. आत जे काही होतं ते घरच्यांच्या आवाजात हाका मारायचं. त्यांची आत्या ओ देऊन आत गेली, ती परत आलीच नाही. जाताना म्हणाले, बेटी, आज के आज बंद कर.

आमच्या दारावरची ती हाक – राधानं तर दार उघडलं होतं. हरिदासजी गेल्याबरोबर मी हवेलीतलं दार डिलीट केलं आणि तिथं विटांची भिंत घातली. सुटले.

तीच तारीख, संध्याकाळ
राधाचा फोन. रडत होती. ताई, आपलं दार कुठंय, चारही बाजूंना भिंतच आहे, म्हणाली. मग फोन बंद.

देवा, मी हे काय करून बसले! हवेलीतून काढलेलं ते दार आमच्याच खोलीचं होतं ना!

थोड्या वेळानं
मुनिरकात पोचले. दाराच्या जागी विटा. घरमालकीण म्हणते, यहाँ कोई कमरा था ही नहीं. वेड लागायचं बाकी आहे. जिन्यात लॅपटॉप उघडून बसलेय. हवेलीतलं दार परत बसवलं तर – हरिदासजी फोनवर नको नको म्हणतायत. त्यांचं काय जातंय? आत माझी राधा आहे. बसवतेच.

आलं! दार आलं. कडी काढली. राधा बाहेर आली, गळ्यात पडली. मी कडी परत घातली. हुश्श.

शेजारी बसलीय. पाणी दिलं, पीत नाही. रडत नाही. एकच घोकतेय, ते दार काढून टाक, लवकर.

आतून कुणीतरी दार बडवतंय. राधाचाच आवाज. ताई, मी अजून आतच आहे, ती मी नव्हे –

कोणती? आई गं, कोणती माझी?

कडीकडे जाते तर हिनं मनगट धरलं – केवढा गार हात – लॅपटॉप हिनं ओढून – अगं डिलीट नको, आत माझी रा