तानाबाईंचं कोहळं

प्रिय आई,

पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. पुसदची खोली बरी आहे आणि घरमालकीण जाता-येता "जेवली का वं" विचारते. बाबा सांगत होते, मारेगावात कापसाची वेचणी जोरात आहे आणि तुझा रागही. चर्चच्या इतिहासात पीएच.डी. करते म्हटल्यापासून तू माझा फोन घेत नाहीस. "पोरगी आता धरम बदलते," हे मावशीनं तुझ्या डोक्यात भरवलं, ठाऊक आहे मला. अगं, मोगलांचा इतिहास लिहिणारे काही बादशहा होत नाहीत!

इथल्या पहिल्या ख्रिस्ती कुटुंबांतल्या बायकांवर मी लिहिते आहे. जुन्या कागदांत सगळे पाळक, म्हणजे चर्चचे पाद्री, आणि गोरे साहेब, बायकांचं नावही नाही. म्हणून जवळच्या गावातल्या तानाबाईंशी बोलायचं होतं. नव्वदीची बाई, पण मला दारातूनच वाटेला लावायची. "लय आले लिहून नेणारे. कोनी परत आलं काय?" त्यांच्या आठवणींशिवाय पाचवं प्रकरण होत नाही, आणि त्याच्याशिवाय सर प्रबंध पुढे जाऊ देत नाहीत. मी पार रडकुंडीला आले होते.

तेवढ्यात चर्चमध्ये कापणीचा सण आला. लोक शेतातलं काहीबाही आणतात, त्याचा लिलाव होतो, पैसे चर्चच्या कामाला जातात. मी आपली पाळकसाहेबांना चर्चच्या जुन्या घंटेबद्दल विचारायला हात वर केला, ती बोली धरली गेली आणि एक भलंमोठं कोहळं माझ्या नावावर सुटलं! सगळे हसले. मीही ऐटीत ते खोलीवर आणलं, चिरलं, भाजी केली आणि घरमालकिणीलाही वाढली. दुसऱ्या दिवशी कळलं, ते कोहळं कुणी घरी नेत नाही. बोली लागते, घेणारा ते परत टेबलावर ठेवतो, पुन्हा बोली लागते, आणि शेवटी ते तानाबाईंकडेच जातं. त्यांच्याच वेलाचं ते, बियांसाठी राखलेलं.

आई, मी तर ते चिरून खाऊन बसले होते! पण बिया मी टाकल्या नव्हत्या. तुझी सवय लागलेली, हात आपोआप चालले होते. राखेत घोळून खिडकीत वाळत घातल्या होत्या. तशाच तानाबाईंच्या पदरात घालायला गेले. तानाबाईंनी एक बी बोटांत चोळली आणि मला आत बसवलं. "राख लावाले कोनं शिकवलं?" म्हटलं, मायनं. मग त्या बोलायला लागल्या.

त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या आईनं बोलणं टाकलं. मरेपर्यंत बोलली नाही. पण दर पेरणीच्या आधी कुणाच्या तरी हाती राखेत घोळलेलं कोहळ्याचं बी पाठवायची. हा वेल त्याच बियांचा. एवढं सांगून त्या थांबल्या. "बाकीचं तुह्या मायसमोर सांगतो. तिले घेऊन ये."

म्हणून हे पत्र. पाचवं प्रकरण तुझ्यावर अडलं आहे, पण खरं सांगू, प्रकरणाचं निमित्त आहे. मला तुझी फार आठवण येते. तू बोलत नाहीस, तरी बाबांच्या हाती जवसाची चटणी पाठवतेस. ती संपली. या वेळी डबा बाबांकडे देऊ नकोस, तू स्वतः घेऊन ये.

तुझीच, आणि अजूनही तीच,
मैत्रेयी